शिंग आले, गाय कुठे?

गेल्या वसुबारसेच्या संध्याकाळची गोष्ट. आमच्या वहिनी पूजेचे ताट घेऊन घरातून निघाल्या त्या चांगल्या दीड तासाने परतल्या. निरांजन केव्हाच विझले होते आणि पाय घोट्यापर्यंत धुळीने भरले होते. इस्लापुरासारख्या खेड्यात सवत्स धेनू शोधायला त्यांना गावाबाहेरच्या तांड्यापर्यंत जावे लागले होते. ज्या घराच्या दावणीला माझ्या लहानपणी बैल, गाई, गोऱ्हे, वासरे धरून पंधरा-सोळा जनावरे उभी असत, त्या घरच्या थोरल्या सुनेवर ही पाळी! त्या ओसरीवर पाय ठेवतात तो समोर आमचा पुतण्या टपालाने आलेले एक खोके फोडीत बसलेला. खोक्यातून त्याने एकेक करून गाईची वीस शिंगे बाहेर काढली. स्वच्छ घासलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि सोबत छापील बिल.

वहिनी ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, मला आख्ख्या गावात गाय मिळंना, आन् तू नुसती शिंगंच मागवलीस का?"

मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली. शेतीवरची पुस्तके पुष्कळ वाचली, व्याख्याने त्याहून अधिक ऐकली. पण शेतीच्या आजच्या दुखण्यावर इतके नेमके बोट ठेवणारे वाक्य मी कुठल्याही व्यासपीठावरून ऐकलेले नाही. वहिनींना मात्र आपण काही विशेष बोललो असे वाटले नाही. त्या आत गेल्या आणि गवारीची भाजी फोडणीस टाकू लागल्या.

आता हे घरगुती भांडण दिवाळी अंकात कशाला, असे वाचक विचारतील. सांगतो. आमची सात एकर जमीन सामाईक आहे. थोरले बंधू गेले. सातबाऱ्यावर आता वहिनींचे, पुतण्याचे आणि माझे अशी नावे आहेत. त्यांतील तीन एकरांवर वाइनच्या द्राक्षांची बाग उभी करावी, ती 'बायोडायनॅमिक' म्हणजे जैवगतिशील पद्धतीने करावी आणि त्यासाठी बँकेचे कर्ज काढावे असा पुतण्याचा बेत आहे. कर्जाच्या अर्जावर माझी सही लागते. ती मी वर्षभर केलेली नाही. त्यामुळे गावात माझी ख्याती अशी झाली आहे की, हा म्हातारा पोराच्या वाटेत आडवा पडला. कुणी म्हणतो, मास्तरांना दारूचे वावडे. कुणी म्हणतो, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. एका तरुण मित्राने तर मला नव्या विद्येचा शत्रू ठरवून टाकले. शिंगे मोडून वासरात शिरण्याची मला हौस नाही. पण जी शिंगे घरात येऊन पडली आहेत ती अंगावर घेणे भाग आहे.

प्रथम दारूचा मुद्दा निकालात काढतो. मी घेत नाही. घेणाऱ्याच्या पंक्तीला बसून जेवायला मला अडचण वाटत नाही. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाचे धोरण आखले, विंचूर आणि पलूस येथे वाइनसाठी वसाहती वसवल्या, करात सवलती दिल्या. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा संस्कृतीच्या नावाने केवढा गहजब झाला हे आपणांस स्मरतच असेल. त्या गलबल्यात मी नव्हतो. मला एवढेच नवल वाटते की, आमच्या किनवट तालुक्याच्या रानात चैत्राच्या पहाटे मोहाची फुले आपोआप टपटपतात, गोंड आणि आंध बाया ती पाट्या भरभरून वेचतात. त्या झाडाला छाटणी लागत नाही, औषध लागत नाही, कर्ज लागत नाही. त्या फुलाच्या रसाला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली ती गुन्ह्याच्या पानावर, आणि द्राक्षाच्या रसाला मिळाली ती उद्योगाच्या. असो. तो खटला वेगळा आहे.

द्राक्ष परके आहे असेही मी म्हणत नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे मराठवाड्याने वेल पाहिलेला आहे. आजही जालन्याजवळच्या कडवंचीच्या लोकांनी आधी डोंगरउतारावर बांधबंदिस्ती केली, शेततळी खोदली, पाणी मुरवले आणि मग द्राक्षाच्या बागा धरल्या. आधी पाणी, मग वेल, हा क्रम ध्यानात ठेवावा. 'वर्षातून दोनदा' हे बतूताचे शब्दही ध्यानात ठेवावेत. त्यांचे काम पुढे आहे.

तर हा जैवगतिशील प्रकार आहे काय?

रूडोल्फ स्टायनर नावाचे एक ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक होऊन गेले. १९२४ च्या जून महिन्यात, ब्रेस्लाऊ शहराजवळच्या कोबेरविट्झ या गावी, एका जमीनदाराच्या वाड्यात त्यांनी शेतीवर आठ व्याख्याने दिली. ती जागा तेव्हा जर्मनीत होती, आज पोलंडात आहे. ऐकायला आलेले जमीनदार चिंतेत होते. बियाणे पूर्वीचे राहिले नाही, जनावरे रोगट होताहेत, रासायनिक खताने जमीन दमते आहे, ही त्यांची तक्रार. शंभर वर्षांमागची ही तक्रार आज आमच्या चावडीवर कुणी केली तर कुणी मान वर करून पाहणार नाही, इतकी ती ओळखीची आहे. त्यावर स्टायनरांनी जे उपाय सांगितले त्यांतला पहिला असा: व्यालेल्या गाईचे शिंग घ्यावे, त्यात दुभत्या गाईचे शेण भरावे, शरद ऋतूत ते जमिनीत पुरावे आणि वसंतात काढावे. मग त्यातले चिमूटभर खत पाण्यात टाकून तासभर ढवळावे. एकदा उजवीकडे भोवरा पडेपर्यंत, मग तो मोडून डावीकडे. आणि संध्याकाळी ते पाणी शेतावर शिंपडावे. दुसरा उपाय गारगोटीच्या पुडीचा, तीही शिंगातच भरलेली, पण उन्हाळाभर पुरलेली. याखेरीज ओकच्या झाडाची साल जनावराच्या कवटीत आणि कसली कसली फुले हरणाच्या मूत्राशयात. पेरणी-कापणी चंद्र आणि राशी पाहून करावी, हे पंचांग त्यांच्या अनुयायांनी पुढे रचले. न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर यांनी १९९० च्या दशकापासून आपल्या देशात येऊन ही पद्धत अनेकांना शिकवली.

हसू येते? मला प्रथम आले. पण ज्या घरात भिंतीवर पंचांग टांगलेले असते आणि मृग कोणत्या वाहनावर बसून आला हे पाहून पेरणीचा अंदाज बांधला जातो, त्या घराने हसण्याची घाई करू नये. शिवाय स्टायनरांची एक गोष्ट मला मोठी वाटते. त्यांनी ऐकणाऱ्यांना सांगितले की हे तुम्ही आपापल्या शेतावर करून पाहा. आणि त्यासाठी प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचे मंडळही तेव्हाच निघाले. गुरूने 'करून पाहा' म्हणावे आणि शिष्यांच्या शिष्यांनी 'विकत घ्या' म्हणावे, हा प्रवास आपल्याला नवा नाही.

आमच्या गावी जे गृहस्थ आले ते या दुसऱ्या वर्गातले. शाळेच्या पडवीत त्यांनी सभा घेतली. पांढरा सदरा, गळ्यात स्फटिकाची माळ, बोलणे मधाळ. त्यांनी पडद्यावर फ्रान्समधल्या बाटल्यांची चित्रे दाखवली. रोमाने-काँतीसारख्या एका बाटलीची किंमत ऐकून पुढे बसलेल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले. ही बाग शिंगाच्या खतावर चालते, असे ते म्हणाले. खोटे नव्हते. ल्वार नदीकाठची निकोला जोली यांची कुले द सेरां ही बागही १९८० च्या दशकापासून याच पद्धतीने चालते, हेही खरे. पण त्यांनी सांगितले नाही ते हे की, कुले द सेरांमध्ये मठवासी साधूंनी वेल लावला तो ११३० च्या सुमारास. साडेआठशे वर्षे नावारूपाला आलेल्या बागेत शिंग आले. सावकाराच्या लेकीच्या कपाळी टिकली शोभली म्हणून टिकलीने सावकारी येते, असे का कुणी म्हणेल?

याच गृहस्थांनी पुतण्याला वीस शिंगे पाठवली. एकरी पंचवीस-तीस ग्रॅम खत लागते असे या पद्धतीची पुस्तकेच सांगतात. म्हणजे एका-दोन शिंगांत आमच्या तीन एकरांचे भागते. उरलेली अठरा कुणाच्या पिकासाठी, हा हिशेब मी बिलाच्या पाठीमागे मांडून पुतण्याला दाखवला. तो दोन दिवस रुसला.

आता त्या बतूताच्या वाक्याकडे येतो. युरोपात द्राक्षाचा वेल हिवाळ्यात झोपतो. पाने गळतात, खोड काळे पडते, बर्फाखाली सारे निपचित. त्या झोपेच्या काळात पृथ्वी आत श्वास घेते, म्हणून शिंग हिवाळाभर पुरावे, असा स्टायनरांचा विचार. आणि त्या मुलखात तो निदान शोभतो तरी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. त्याला वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. म्हणजे जर्मनीची भूमी जेव्हा झोपी जाते, नेमका तेव्हा आमचा वेल जागा होऊन फुलोऱ्यावर येतो; आणि तिकडे वसंत उगवतो तेव्हा इकडे घड उतरून टोपल्या भरलेल्या असतात. मग शिंग कोणाच्या झोपेसाठी पुरायचे? हा प्रश्न मी सभेत विचारला. गृहस्थ म्हणाले, "मास्तर, विश्वाची स्पंदने सर्वत्र सारखीच असतात." असतीलही. पण केवडा आणि भुरी सर्वत्र सारखे नसतात. किनवटचा पाऊस उरलेल्या मराठवाड्यापेक्षा दांडगा, हवा दमट, भोवती सागाचे रान. इथे ओल्या पानावर केवडा पसरायला वेळ लागत नाही. "फवारणीची गरजच नाही" हे त्यांचे वाक्य निव्वळ थाप होती. जैवगतिशील शेतीचे युरोपातले नियमच मोरचुदाची फवारणी करू देतात. हेक्टरी वर्षाला तीन किलो तांब्याची मर्यादा घालून देतात. तांबे जमिनीतून जात नाही, साठत राहते, म्हणून ही मर्यादा. मोरचूद आणि चुन्याचे ते बोर्डो मिश्रण निघाले तेही कुणाला दृष्टान्त होऊन नव्हे. १८८० च्या दशकात बोर्डोकडचे मळेवाले वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलांवर हे निळे-पांढरे पाणी शिंपडत. तेवढेच वेल केवड्यातून वाचले, हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेस आले. नजर! शेतीत एवढीच एक गोष्ट अशी आहे की जी टपालाने येत नाही.

आणि १९२४ सालाचेच काढले म्हणून सांगतो. त्याच वर्षी, इकडे होळकरांच्या इंदुरात, आल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती-उद्योगाची संस्था स्थापन केली. जंगली काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, राख यांचे थर घालून, ठरल्या वेळी उलटापालट करून तीन महिन्यांत काळेभोर खत कसे करावे, याची पद्धत त्यांनी तेथे बसवली. जगभर तिला इंदुरी पद्धत म्हणतात. १९३१ साली या कामावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्डच्या बरोबरीने यशवंत वाड असे नाव छापले आहे. वाचकहो, हे नाव आपण कधी ऐकले आहे? मीही साठी उलटेपर्यंत ऐकले नव्हते. कोबेरविट्झचे शिंग इस्लापूरला पोहोचले, पण इंदूरचा ढीग पोहोचला नाही. कारण उघड आहे. ढिगाचे बिल करता येत नाही.

म्हणून कुणी लगेच उठून 'हे सारे आमच्या ऋषींना ठाऊक होते' असे म्हणू लागेल, तर त्यांनाही माझा दंडवत. गाईचे शिंग परदेशी शिक्का मारून आले की डोक्यावर घ्यायचे आणि देशी श्लोक चिकटवून आले तरी डोक्यावर घ्यायचे, यांत फरक फक्त शिक्क्याचा. आपल्या द्राक्षवाल्यांची खरी परंपरा वेगळीच आहे. कोल्हापूरकडचे गणिताचे शिक्षक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यात शेतकरी एकमेकांच्या बागांत जाऊन पाने मोजत, काड्या मोजत, कोणत्या पानाचे अन्न कोणत्या घडाला जाते याची चर्चा करीत. बोरगावच्या आरव्यांच्या बागेत 'तास-ए-गणेश' निघाले, सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' निवडले. आपल्या वेलातला निराळा फुटवा निराळा आहे हे त्यांना दिसले, कारण ते रोज वेलाकडे पाहत होते. चंद्राकडे पाहिले असते तर फुटवा निसटला असता.

मी शिंगाचा प्रयोग केला नाही असे मात्र समजू नका. पुतण्या रुसला होता. त्याची समजूत काढावी म्हणून म्हटले, आपण दोघे मिळून पाहू. तांड्यावरच्या त्याच गाईचे शेण आणले, दोन शिंगांत भरले. त्याच शेणाने एक लहान मडकेही भरले, तोंड मातीने लिंपले आणि विहिरीजवळच्या एकाच खड्ड्यात तिन्ही पुरली. पाडव्याला गुढी उभारल्यावर काढली. खरे सांगतो, शिंगातले शेण पाहून मी चकित झालो. शेणाचा वासही उरला नव्हता. पहिल्या पावसानंतर रानातल्या पाचोळ्याखालची माती जशी लागते तसे ते मऊ, काळे, सुगंधी झाले होते. पुतण्याचा चेहरा उजळला. मग मडके फोडले. तेही तसेच. वहिनींना पदराने डोळे झाकायला लावून तिन्ही हुंगायला दिली, त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यात निवडायचं काय?" एका मडक्याने शास्त्र ठरत नाही हे मी जाणतो. पण थोरामोठ्यांच्या प्रयोगांतही पुष्कळसे असेच आढळले. कॅलिफोर्नियात १९९६ पासून मेर्लो द्राक्षाच्या एका बागेत निम्म्या भागाला ही शिंगादिकांची तयारी आणि निम्म्याला नुसती सेंद्रिय खते, अशी वर्षानुवर्षे तुलना केली. २००५ साली निष्कर्ष छापले गेले, त्यात पहिल्या सहा वर्षांत मातीच्या कसात फरक दिसला नव्हता. उलट स्वित्झर्लंडात बाझेलजवळ १९७८ पासून चाललेला मोठा प्रयोग सांगतो की, शेणखतावरच्या जमिनीत पीक सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी येते खरे, पण खते-औषधे फारच कमी लागतात आणि मातीतले जीवजंतू भरभराटतात. दोन्ही मिळून अर्थ एकच निघतो. काम करते ते शेण.

आणि शेण म्हटले की गाय आली!

स्टायनरांच्या सगळ्या व्याख्यानांत मला एकच विचार सोन्याचा वाटतो. शेत हे एक सजीव शरीर आहे. त्याला लागणारे बहुतेक सारे त्याच्याच आत निर्माण व्हावे, बाहेरून आणावे लागले तर ते शेत आजारी समजावे. हा विचार ऐकून माझे वडील म्हणाले असते, "मग दुसरं काय असतं?" आमच्या दावणीला लाल कंधारी जनावरे होती. ती ज्वारीचा कडबा खात, त्यांचे शेण उकिरड्यात पडे, उकिरडा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गाड्या भरभरून शेतात जाई, आणि त्या शेतात पुन्हा ज्वारी होई. शेजारच्या लातूर जिल्ह्यात देवणी, आमच्या नांदेडात कंधारी. या जनावरांची नावे घेताना लोकांचा आवाज बदलत असे. मग सोयाबीन आले. त्याचा कडबा होत नाही. ट्रॅक्टर आला, बैल गेले. बैल नको म्हटल्यावर गाय कशाला? ज्वारी गेली तसा चारा गेला, चाऱ्यामागून जनावर, जनावरामागून उकिरडा. पोळ्याला आता काही घरांतून मातीचे बैल पुजतात. वसुबारसेची कथा वर सांगितलीच. अशा रिकाम्या गोठ्यात शिंगे आली, ती पार्सलने! रोपे नाशिकची, खांब-तारा बाजारच्या, पंचांग परक्याचे, प्रमाणपत्र परक्याचे, गिऱ्हाईक परके आणि पैसा बँकेचा. स्टायनर आज इस्लापूरला आले तर या बागेला जैवगतिशील म्हणणार नाहीत. ते पहिल्या पायरीवर उभे राहून वहिनींचाच प्रश्न विचारतील.

गिऱ्हाइकाचेही एक सांगायचे राहिले. खाण्याचे द्राक्ष पेटीत घालून दिल्लीला जाते. वाइनचे द्राक्ष तसे नाही. पहाटेच्या गारव्यात तोडायचे आणि तापण्याआधी कारखान्यात चेपायचे. आमच्यापासून नाशिक सुमारे पाचशे किलोमीटर. (कित्येकजण इस्लापूर म्हटले की इसापूर धरण समजतात आणि पाण्याची काय ददात म्हणतात. ते धरण वेगळे. आमच्याजवळ आहे तो पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. पावसाळ्यात पाहायला माणसे लोटतात, वैशाखात खडक मोजून घ्यावेत.) ते द्राक्ष एका कारखान्याने नाकारले तर बाजारात खायला घेणारा कुणी नाही; बिया मोठ्या, मणी बारके, साल जाड. २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी घसरली तेव्हा नाशिककडच्या शेतकऱ्यांनी कॅबर्ने आणि शिराजच्या बागा उपटल्या. तेथे निदान दुसरा कारखाना शेजारी होता. शिवाय आमची तोडणी फेब्रुवारी-मार्चची. २०१४ साली याच महिन्यांत मराठवाड्यावर जी गारपीट झाली तिच्यानंतर आमच्या अंगणात पाखरांचा सडा पडला होता. तारेवर उभ्या बागेवर ती पडली तर काय होईल, हे गृहस्थांच्या पडद्यावर नव्हते.

पुतण्याची बाजू मी सांगितली नाही तर ते लबाडीचे होईल. तो चार वर्षे नाशिककडे द्राक्षाच्या बागेत राबून आला आहे. त्याच्या हातातली कात्री मी पाहिली आहे, ती चुकत नाही. एका रात्री अंगणात तो मला म्हणाला, "काका, तुम्ही म्हणता ते समदं खरं. पण कापसानं काय दिलं आपल्याला? बोंडअळीनं नेला. सोयाबीननं काय दिलं? भाव बगा. तिथंबी बियाणं परक्याचं, औषध परक्याचं, भाव परक्याचाच हाय. मंग द्राक्षालाच कामून नाही म्हणता?"

मला उत्तर सुचले नाही. अजूनही पुरते सुचलेले नाही. सभेतल्या गृहस्थांना मी दहा प्रश्न विचारले, पण या पोराच्या एका प्रश्नापुढे गप्प बसलो. सात एकरांत राहून काय करावे हे मास्तरकीच्या पेन्शनवर जेवणाऱ्या माणसाने सांगणे सोपे असते, हे त्याने म्हटले नाही. म्हणू शकला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या अटी सांगितल्या. तीन एकरांच्या बागेसाठी कर्जावर सही नाही. विहिरीशेजारचे दहा गुंठे घे, त्यावर वेल लाव, वाइनचे नव्हे, खायचे. खांब आपल्याच बांधावरच्या लाकडाचे. चंद्र पाहायचा असला तर पाहा, पण शेजारचे दहा गुंठे चंद्र न पाहता कर आणि दोहोंचा हिशेब एकाच वहीत लिही. एका एकरात ज्वारी पेर. आणि माझ्या पेन्शनीतून एक कंधारी गाय घे, व्यालेली, वासरासकट. शेण तिचे, ढीग इंदुरी. तिचे शिंग आयुष्यभर तिच्याच डोक्यावर राहू दे.

त्याने ऐकून घेतले. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. वहिनी मुलाच्या बाजूने आहेत. आईने दुसरे काय करावे? पण शिंगांचे खोके त्यांनी ओसरीवरून उचलून गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवले आहे, आणि गेल्या आठवड्यात गोठ्यातली मोडकी गव्हाण कुणी तरी नवी फळी ठोकून दुरुस्त केलेली मला दिसली. मी विचारले नाही. कर्जाचा कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. वसुबारस चार दिवसांवर आली आहे.